मुलीच्या नाकावरचे दाणे

मुलगी झाली तेव्हा तिच्या नाकावर आणि गालांवर बारीक पांढरे दाणे होते, रव्यासारखे. मला ते दिसलेही नव्हते. सासूबाईंना दिसले.

"म्या सांगतलं होतं ना तुले, दही नको खाऊ म्हणून," त्या म्हणाल्या. "आता पाहून घे, पोट्टीच्या तोंडावर निघून राहिलं."

रायपूरच्या मे महिन्यात, नववा लागलेल्या बाईनं दही खायचं नाही तर काय खायचं? हे मी मनातच म्हणाले, आणि तिथंच चुकलं. जो येई तो आधी बाळाचं नाक पाही आणि मग माझ्याकडे. कुणी म्हणे दूध बाधलं, कुणी म्हणे रक्तात उष्णता आहे. शेजारणीनं तर कडुनिंबाचा पाला उकळून पाठवला.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं होतं. कातडीखाली अडकलेले कण आहेत, पुष्कळ नवजात बाळांना असतात, आईच्या खाण्याशी काही संबंध नाही. दाबू नका, घासू नका, काहीही लावू नका. काही आठवड्यांत आपोआप जातील. घरी येऊन मी हे शब्दन् शब्द सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. बीरगांवहून मालिश करायला येणारी बाई रोज बेसन-मलईची वाटी मागायची, "दू दिन में साफ हो जाही, दाई," असं सासूबाईंना सांगायची (दाई म्हणजे तिच्या बोलीत आई), आणि मी मालिश संपेपर्यंत पहाऱ्याला बसायचे. तेल अंगाला लावा, तोंडाला हात लावायचा नाही. एवढ्यावरून मालिशवाली रुसली, सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, आणि नवरा म्हणाला, "छोड़ ना यार, लावू दे थोडंसं." त्याचा राग मला अजून आहे.

बारसं सव्वा महिन्यानं ठेवलं होतं. आदल्या दिवशी सासूबाईंची धाकटी जाऊ नागपूरहून आली. बाळाला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "काहून वं, तोंड धूत नाही का कोणी हिचं?"

नुकतीच आंघोळ घातली होती मी तिला. डोक्यात तिडीक गेली. बाळाला आत नेलं, स्वयंपाकघरातून बेसन-मलई कालवून आणली आणि तिच्या नाकावर घासली. मीच. महिनाभर पहारा देणारी. रागात हाताला अंदाज राहत नाही. ती कळवळून रडली तेव्हा मी थांबले. नाकाचं टोक सोललं होतं, लालभडक. दाणे होते तसेच होते.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या बोटांवरचं बेसन पाहिलं, बाळाला उचललं आणि बाहेर गेल्या. आता त्या सगळ्या घराला सांगणार, म्हणून मी आतच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पाळण्यापाशी त्या जावेनं विचारलंच, "नाकाले काय झालं?"

"मच्छर चावला," सासूबाई म्हणाल्या. "इथले मच्छर तुले माहीत नाही." आणि पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली.

दाणे पुढच्या पंधरा दिवसांत गेले, डॉक्टर म्हणाले होते तसे, आपोआप. त्याआधीच नाकाचं सोललेलं टोक भरून आलं होतं. त्या बेसनाचा विषय सासूबाईंनी आजवर काढलेला नाही. काढला असता तर मी भांडले तरी असते.