मॅडमच्या परीक्षेत माझं बाळ

मॅडमच्या तोंडातनं शब्दच फुटंना! परीक्षा तिची, घाम मला. टेबलावर पेशंट म्हणून माझं चार म्हैन्याचं बाळ उताणं, समोर बाहेरगावचं परीक्षक सर, अन् ते दुसऱ्यांदा इचारत हुतं, "बाळाला घरी कसं झोपवायचं, हे आईला काय शिकवलंत?"

आवं, मला येत हुतं की उत्तर! सातवीत शाळा सुटली माझी. जल्मात पयल्यांदा परीक्षेत उत्तर येतंय, अन् बोलायची बंदी. शिपाईमामांनी आत सोडतानाच दम दिल्याला, "पेशंटच्या माणसानं तोंड उघडलं, तर पोरगी नापास."

पोरगी म्हंजी आमची मॅडम. सांगलीच्या फिजिओथेरपी कॉलेजात शेवटच्या वर्षाला, वयानं माझ्यापेक्षा बारकीच. बाळाची मान उजवीकडं वळतच नव्हती. मी रडून रडून अर्धी झाल्याली. तिनं मानेचा व्यायाम शिकवला, वर म्हणली, "ताई, पाळण्यात डोकं आहे तिकडे पाय करा. दार उजवीकडे येईल. माणसं बघायला तो आपणहून मान वळवेल."

घरी माझी आई उसळली. "देवाकडं पाय? खुळी का काय तू?" दोन दिस भांडली, अन् तिसऱ्या दिशी तिनं देवच दुसऱ्या भिंतीला न्हेलं. मान वळाय लागली की वो बाळाची!

अन् आता तीच मॅडम गप. वरीस वाया जाणार पोरीचं. तोंडाला बंदी, पण हाताला कुठं हुती? मी बाळ उचललं, गर्रकन फिरवलं, डोक्याच्या जागी पाय. दारात पोरी डोकावत हुत्या, त्या बघायला बाळानं मान वळवली उजवीकडं. मॅडमनं ते बघितलं, अन् शेतातली मोटार चालू झाल्यावाणी धो धो बोलाय लागली.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "ताई, बाळ का फिरवलंत?"

"पंखा लागत हुता."

सरांनी वर बघितलं. मॅडमनं बघितलं. बाळानंबी बघितलं. लाइट गेल्याली, पंखा बंद.

"खरं सांगा. तिला उत्तर दाखवलंत ना?"

मी बाळाला उचलून घेतलं. म्हणलं, "सर, शिकवलं तिनंच. ती इसरली तरी मला इसरून कसं चालंल? बाळ माझ्या घरात झोपतंय."

सर लय येळ कागदावर कायतरी लिहीत बसलं. मग हसलं. "जा."

पोरगी पास झाली, पण ते पुढं निकालात कळलं. त्या दिशी मला वाटलं, गळ्यात पडंल. तर बाहेर येऊन माझ्यावरच फुगली! "ताई, मला येत होतं हो! दोन मिनिटं थांबायचं ना!"

आता तुमीच सांगा बायांनो, तुमी थांबला असता?