सतराव्या मिनिटाचा ठिपका

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर जांभया देत वाचलेत. कुणाला राग येऊ नये… पण मी फिल्म एडिटिंग शिकते. पडद्यावर भूत दिसलं म्हणजे कुणीतरी दोन शॉट हुशारीने जोडलेत, इतकं साधं माझं मत. भयपट तर मला सोसतच नाहीत. दार उघडलं की एकदम आवाज वाढवायचा, म्हणजे कानापाशी डबा आपटून ‘घाबरलास ना?’ विचारण्यातला प्रकार. ज्या दिग्दर्शकाला शांतता धरून ठेवता येत नाही, त्याने सरळ लग्नाचे व्हिडिओ करावेत. तर अशी मी. तरीही लिहितेय, कारण सहा महिने हे डोक्यात घेऊन फिरतेय आणि आता दमलेय.

आम्ही लालबागला राहतो, चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. मी, आई आणि बाबा. बाबा जवळच्याच एका थिएटरात एकतीस वर्षं ऑपरेटर होते, म्हणजे पिक्चरचं मशीन चालवायचे. माझी डिप्लोमा फिल्म त्यांच्यावरच आहे. बावीस मिनिटं, एकच शॉट. बाबा खिडकीत बसून बोलतायत. एडिटिंगच्या मुलीने एकही कट न मारणं हा सरांच्या मते माज होता. पण हल्ली दर दोन सेकंदांनी कट मारतात ते कुणाचाच समोरच्या चेहऱ्यावर विश्वास नाही म्हणून, असं मला वाटतं. माझा बाबांच्या चेहऱ्यावर होता.

फिल्ममध्ये ते सांगतात, “लोक म्हणायचे, तुझी मज्जा, फुकट पिक्चर. मी खंय पिक्चर बघलंय? मी कोपरो बघलंय नुसतो.” रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा, जेमतेम चार फ्रेम. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. सात सेकंदांनी पुन्हा ठिपका, की चित्र त्या मशीनवर घ्यायचं. चुकलं तर पडदा पांढरा आणि पब्लिकच्या शिव्या.

एका रविवारी दुपारी मी त्यांना लॅपटॉपवर फिल्म दाखवत होते. सतराव्या मिनिटाला ते ताडकन उठले.

“ठिपको इलो. मशीन चालू कर मगे!”

मी हसले. “बाबा, हे डिजिटल आहे. यात रीळच नाही.”

“माका शिकवतंस? तो बघ, दुसरो!”

मी तो भाग फ्रेम फ्रेम करून पाहिला. काही नाही. चार दिवसांनी पुन्हा दाखवली, तर पुन्हा तिथेच उठले. तिसऱ्यांदा मी त्यांना न सांगता मधूनच सुरू केली… तरी त्याच क्षणी. आई घाबरली. माझ्या काकांचं असंच सुरू झालं होतं आणि पुढे ते घरच्यांनाही ओळखेनासे झाले होते.

डॉक्टरांनी बाबांना तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं, वर वैतागून. मग ठिपक्याचं मी सांगितलं. मीच. मिनिट-सेकंदासकट, एडिटरच्या तत्परतेने. डॉक्टर म्हणाले, भास असू शकतात, गोळ्या देऊन बघू, एकटं सोडू नका.

बाबा रोज सकाळी चालत बाजारात जायचे, मासे घ्यायचे, कोळणीशी भांडायचे. ते बंद झालं. आईने दाराला आतून कुलूप घालून किल्ली कपाटात ठेवली. गोळ्यांनी ते दिवसभर पेंगायचे. मी कधी कोपऱ्याचा विषय काढला तर म्हणायचे, “जाऊं दे गो. माझाच डोक्या फिरला असतला.” आणि मला, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटायचं.

तीन महिन्यांनी फिल्मचे रंग ठीक करायला मी ती मेल्विनकडे दिली. मेल्विन माझा वर्गमित्र, गिरगावचा. दादरला एका स्टुडिओत बसतो. दुपारी त्याचा फोन आला.

“ए, तो डॉट तू टाकलायस? भारी आयडिया आहे यार. पण कोपऱ्यात कशाला?”

मी तशीच टॅक्सी करून गेले. होता. वरच्या उजव्या कोपऱ्यात, चार फ्रेम. कडा खरवडल्यासारखी. सात सेकंदांनी दुसरा. घरच्या लॅपटॉपवरची फाइल तोपर्यंत मी शंभर वेळा तपासली होती. आता तिच्यातही होता. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइलमध्येही. लेन्सवरची धूळ म्हणावी तर ती पूर्ण शॉटभर दिसते. मस्करी म्हणावी तर मूळ फाइलची हार्ड डिस्क माझ्या कपाटातून बाहेर गेलीच नव्हती. सरांनी पाहिलं, दोन तंत्रज्ञांनी पाहिलं. सगळे खांदे उडवतात. मीही उडवते. ठिपका कुठून आला, आणि आमच्याआधी तीन महिने बाबांना कसा दिसला, मला आजही माहीत नाही.

त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन घरी धावले. मला माफी मागायची होती. बाबा खुर्चीत बसले होते, आई शेजारी मटार सोलत होती.

“बाबा, तुम्ही बरोबर होतात. बघा, आहे ठिपका!”

मी सतरावं मिनिट लावलं. ठिपका आला. मला स्वच्छ दिसला. आईलाही दिसला, तिचे हात थांबले. बाबा स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी हळूच आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परीक्षेत बसल्यासारखे.

“नाय गो. माका काय्येक दिसना नाय.”

“बाबा, नीट बघा ना…”

“बघलंय. नाय दिसना.” आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “आता तरी माका एकट्याक खाली सोडश्यात?”