चटणीवाल्या अक्कांची वेबसाइट

अक्का चिडलेल्या दिसल्या नाहीत तर त्यांना बरं नाही असं समजावं, असं अंबाजोगाईच्या बाजारात म्हणत. त्या वजनकाट्यावर चिडत, विजेवर चिडत, उधारीवाल्यापेक्षा ‘चालतंय’ म्हणणाऱ्यावर जास्त चिडत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि आवाज असा की समोरचा सोनार हातातलं काम थांबवून बघे. नवरा गेल्यावर त्यांनी आणि धाकट्या दिरानं मिळून चटण्यांचं दुकान चालवलं.

त्यांच्या जवसाच्या आणि कारळाच्या चटण्या खात डॉक्टर झालेली गावातल्या मेडिकल कॉलेजची पोरं आता परदेशातून फोन करून डबे मागत होती. गावात इंटरनेट नुकतंच आलं होतं. पुण्याहून शिकून येऊन मी बसस्टँडसमोर कॉम्प्युटर सेंटर टाकलं होतं. अक्का आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “मला वेबसाइट पायजे. काय लागंल ते सांग, पण काम नीट कर.”

पहिल्या पानावर मी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे टेबलाभोवती हसत बसलेलं एक गोरं कुटुंब लावलं. वर ‘वेलकम’ची अक्षरं सरकत होती. अक्कांनी पडद्याकडे बघितलं आणि भडकल्या. “ही कुणाची माणसं? यांनी जवस कधी बघितलाय का? गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की आपण कोण हे त्याला कळाया पायजे. चटणी कोण करतं ते लिही. न्हाई तर लोकांनी कावून विश्वास ठेवायचा?”

मग मी कॅमेरा घेऊन त्यांच्या परसात गेलो. रुक्मिणबाई उखळात कांडत होती. युसूफ वडगावची जैबुनबी मोठ्या कढईत जवस भाजत होती. नवऱ्यामागं सासरच्यांनी घराबाहेर काढलेली ही बाई अक्कांकडे आली, ती आयुष्यभराची. भाजणी तिच्याशिवाय कुणाला जमत नसे. दोघींचे फोटो लागले, खाली नाव, गाव. पत्ता आणि भाव पहिल्याच पानावर. मालाची मागणी ईमेलनं येऊ लागली. एका गिऱ्हाइकानं लिहिलं, फोटो बघून घरी आल्यासारखं वाटलं. मी ते वाचून दाखवलं, तर अक्का म्हणाल्या, “वाटंल न्हाई तर काय.”

तीच साइट बघून शहरातला एक मोठा व्यापारी गाडी घेऊन आला. दर महिन्याला ट्रक भरून माल उचलायची त्याची तयारी होती. दिराचा चेहरा उजळला. चहा पिताना व्यापारी हलकेच म्हणाला, “फक्त तो दुसरा फोटो आणि नाव काढून टाका. माझं काही नाही हो, पण गिऱ्हाइकाला खाण्याच्या वस्तूत विश्वास लागतो.”

अक्कांनी कप खाली ठेवला.

“तुमी चटणी खाल्ली?”

“खाल्ली की. उत्तम आहे.”

“ती तिनंच भाजलेली हाय. आता चहा प्या आन निघा.”

तो गेला. दीर मात्र बोलायचा थांबला नाही. एका बाईपायी घराचं वाटोळं करता, म्हणाला. दुसऱ्या दिवशी खुद्द जैबुनबी आली. “अक्का, निकाल दो मेरा फोटू. माज्यापायी तुमचं नुकसान कावून?” अक्का तिच्यावरही तेवढ्याच जोरानं ओरडल्या, “तू गप. तुला कुणी इचारलं?”

वर्षाच्या आत वाटणी झाली. दुकान आणि दुकानाचं नाव दिराकडे गेलं. त्यानं लातूरहून नवी वेबसाइट करून आणली. त्यावर अक्कांनी माझ्याकडून लिहवून घेतलेली वाक्यं जशीच्या तशी होती. माणूस मात्र एकही नव्हता. मी भांडायला निघालो, तेव्हा अक्कांनी मला अडवलं. “तिथं कशाला ओरडतोस? साइटवरचा आपला पत्ता बदल.” आणि त्यांनी सांगितला: जैबुनबीचं घर, मशिदीमागं, युसूफ वडगाव. ती कढई आता तिच्या अंगणात होती. अक्का रोज एसटीनं जात आणि रोज कंडक्टरशी भांडत.

धंदा छोटाच राहिला, पण थांबला नाही. पुढे काविळीनं अक्का गेल्या. त्यांना समाधी दिल्यावर घराच्या अंगणात दीर लोकांना सांगत होता, “वहिनींनी आमच्या मालाला नाव दिलं.” व्यापारीही आला होता, हार घेऊन. जैबुनबी फाटकाबाहेर उभी होती, कारण आत ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. मी उठलो, गर्दीतून बाहेर आलो आणि तिच्याशेजारी उभा राहिलो. आत जाऊन त्या दोघांची गचांडी धरावी असं वाटत होतं.

जैबुनबीनं डोळे पुसले. “वडगावला चल, बेटा,” ती म्हणाली. “तीन डबे पाठवायचे हायत. अमेरिकेचा पत्ता मला लिवता येत न्हाई.”