डॉक्टरांची काळी मोटार आणि आईचा जावळाचा मोजा

रविवारी सांगलीला नातवाकडे गेले होते. त्याने नवी गाडी घेतलीय, आणि ती धुवायला हातात घालायचा कुठला मोजा आणावा यावर घरात तासभर खल चालला होता. मायक्रोफायबरचा की लोकरीचा... कुठल्याने रंगावर ओरखडे पडणार नाहीत, कुठला जास्त दिवस टिकेल... मला कुणी विचारलंच नाही. नव्वदीला टेकलेल्या म्हातारीला गाडीतलं काय कळणार!

अरे बाबा, मला नाही कळणार तर कुणाला?

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी आठ वर्षांची. अप्पा फौजेत ट्रक चालवायचे, ते सुटून आले आणि साताऱ्यात एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून लागले. नोकरी दिवाळीपर्यंत कच्ची... काम पसंत पडलं तर पक्की, नाहीतर परत माण तालुक्यातल्या आमच्या गावी, जिथे प्यायच्या पाण्याचीही मारामार. बंगल्यामागची एक खोली मिळाली होती, मी नुकती शाळेत जायला लागले होते. आम्हा तिघांचा जीव त्या डॉक्टरांच्या मोटारीत अडकलेला.

आणि मोटार म्हणजे काय सांगू... तोंड बघून कुंकू लावावं अशी काळीभोर! डॉक्टर तिला पोटच्या पोरीसारखं जपायचे.

खंडेनवमीला आमच्यात सगळी हत्यारं घासून पुजतात. आईने पहाटे उठून विळा, कुऱ्हाड, अप्पांचे पाने राखेने लख्ख केले. मग तिच्या मनात आलं, जिच्यावर आपलं पोट आहे ती मोटार तशीच कशी पुजायची? घेतली चिंच, राख, नारळाची शेंडी... आणि पुढचा मडगार्ड तांब्याच्या हंड्यासारखा घासून काढला. हौसेने हो! अप्पा बाहेर आले तेव्हा ही हळदकुंकू घेऊन हसत उभी.

मडगार्ड वाळत गेला तसा पांढरट पडत गेला. चांगला ताटाएवढा डाग. आई पदराने पुसू लागली, पण डाग जाईना.

तेवढ्यात डॉक्टर आले. हे कुणी केलं म्हणून कडाडले. आई तोंड उघडणार तोच अप्पा पुढे झाले... "माझ्या हातनं झालं साब. चुकी झाली."

डॉक्टर खूप बोलले. मडगार्ड कारागिराकडून नव्याने रंगवून घेतला, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता एक जरी ओरखडा दिसला तर दिवाळीला सामान बांधायचं.

त्या दिवसापासून आई इरेला पेटली. अप्पांची फौजेतली काळी ट्रंक तिने अंगणात ओढली. मोटारीला जे काही लावायचं ते आधी ट्रंकेला! ओलं करून घासायचं, मग ट्रंक उन्हात तिरकी धरून निरखायची. जुन्या लुगड्याचा तुकडा मऊ होता खरा, पण रस्त्याची रेव त्याच्या पुढे पुढे सरकायची आणि रंगावर रेघा उठायच्या. घोंगडीच्या तुकड्याचं तर विचारूच नका... ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं अप्पांचं निम्मं नाव त्यानेच गेलं! अप्पा म्हणाले, "आगं, नाव तरी ऱ्हाऊ दे माझं." आई कितीतरी दिवसांनी हसली.

मग माणकडचे धनगर मेंढरं घेऊन साताऱ्याकडे उतरले. त्यातली एक बाई आईच्या माहेरच्या ओळखीची. ती म्हणाली, "घोंगडीची लोकर नगं बाई, लय टोचरी. जावळ घे." जावळ म्हणजे कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर... काय मऊ असते, हात लावाल तर काढवणार नाही.

लढाईच्या दिवसांत शिपायांसाठी पायमोजे विणायला आई शिकली होती. तिने टकळीवर सूत काढून हातमोजा विणला. बोटं नाहीत, फक्त अंगठा वेगळा, आणि बाहेरून लांब लांब सैल फासे सोडलेले. रेव त्या फाशांत शिरायची, रंगावर फिरायची नाही. ट्रंकेवर एक रेघ उठली नाही!

आणि एवढं झाल्यावर आमच्या आईसाहेबांनी तो मोजा धुतला कशात, तर उकळत्या पाण्यात. आटून माझ्या बाहुलीच्या मापाचा झाला! पुन्हा लोकर, पुन्हा टकळी. दुसरा मात्र गार पाण्यात, रिठ्याने धुवायचा आणि सावलीत वाळवायचा... तो चार वर्षं टिकला. मोटार धुताना बादल्या दोन. एकीत रिठ्याचं पाणी, दुसरीत मोजा खळबळायचा. चाकांना वेगळं फडकं, तेही शेवटी.

दिवाळीच्या आदल्या दिवशी डॉक्टर मोटारीभोवती दोनदा फिरले. चष्मा पुसून मडगार्डापाशी वाकले. मी आईचा पदर घट्ट धरलेला. मग त्यांनी दोरीवरचा मोजा काढून हातात घातला, उलटासुलटा पाहिला आणि हे डोकं कुणाचं म्हणून विचारलं.

"आमच्या मंडळींचं, साब. समदं तिच्या हातनं झालंय."

नोकरी पक्की झाली. आम्ही साताऱ्यात राहिलो, मी मॅट्रिकपर्यंत शिकले. आई त्या दिवशी खोलीत जाऊन खूप रडली. मला वाटलं, नोकरीच्या आनंदाने... स्वतःचा संसार केल्यावर कळलं. डाग पडला तो माझ्या हातनं आणि लकाकी आली ती तिच्या हातनं, असं चारचौघांत सांगणारा नवरा तिला मिळाला होता. किती बायकांना मिळतो?

नातवाला म्हटलं, लोकरीचाच घे, लांब केसांचा. आणि बादल्या दोन आण. पठ्ठ्याने मुकाट्याने ऐकलं.

ती ट्रंक अजून माझ्याकडे आहे. पोरं म्हणतात, आजी, नाव पुन्हा रंगवून देतो... मी हात लावू देत नाही. राहिलेलं निम्मं अप्पांचं आहे, आणि पुसलेलं निम्मं माझ्या आईचं.