कुंकवाचं मेण जिपीत

नवऱ्याचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. लिहिताना तोंड बंद असतं, म्हणून लिहिते : उकंडराव. लढाईच्या काळात पलटणीत ड्रायव्हर होते. तिथून दोन खोडी घेऊन उंद्रीला परत आले. एक, विडी कानावर ठेवायची. दुसरी, चांगली चालती वस्तू खोलून पाहायची. शिवणाची मशीन खोलली, घड्याळ खोललं, विहिरीवरचं इंजिन खोललं. पुन्हा बसवलंही, खोटं कशाला बोलू. पण दर वेळी एक-दोन नट उरायचे, आणि हे म्हणायचे, "कंपनीनं जास्तीचे लावले होते."

सदुसष्ट साली यांनी लिलावातून मिलिटरीची जुनी जीप आणली. त्याच वैशाखात आमची कोकिळा पहिल्यांदा पोटुशी होती. तिला दुसरबीडपलीकडे, नदीपार दिलेली. तिची सासू जनकाबाई हिचा निरोप आला, "बुधवारी सातवा सरते. आठव्यात पोटुशी बाई नदी ओलांडत नाही. त्याच्या आत मायबापानं येऊन न्यावं, नाही तर बाळंतपण इथंच. अन् बैलगाडीत मी धाडणार नाही, दचके बसतात." खाली कोकिळेची एक ओळ होती, "माय, मले तुह्याजवळच यायचं हाये."

आणि शनिवारी सकाळी पाहते तर जीप अंगणात उघडी पडलेली, आणि हे तिच्याखाली आडवे.

"आवो, काऊन खोलली? काल तर चालत होती!"

"आवाज येऊन राह्यला."

"तुमच्या गुडघ्याचाही येऊन राह्यला. तो खोलता का?"

जिपीत गिअरबॉक्सच्या मागं एक लोखंडी पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. पुढच्या चाकांना जोर देते ती हीच. ती पुढची ओढच मधूनमधून सुटत होती. हे म्हणाले, "नदीच्या वाळूत ओढ सुटली तर पोरगी घेऊन तिथंच बसशीन का?" ते मला पटलं. मी कुरडया घालायला गेले.

पण माझी कणकेची परात चाकांचे दात घासलेटात धुवायला गेली, तेव्हा मात्र भांडले. ओसरीवर माझ्या कुरडया वाळत, त्यांच्या शेजारी हे दातेरी चाकं वाळवत. दोन दिवस जेवणाला घासलेटाचा वास. शेजारचे पुंजाजी येऊन विचारायचे, "काय वहिनी, आज कुरडई का गिअर?"

खरी अडचण सोमवारी आली. पेटीतल्या मधल्या चाकाच्या भोकात सुयांसारख्या बारीक लोखंडी काड्या गोल उभ्या लावायच्या, आणि मधून दांडा सरकवायचा. काड्या जागेवर राहाव्यात म्हणून ग्रीस लावतात. पण आमच्याकडचं वैशाखाचं ऊन, ग्रीसचं पाणी झालं. दांडा घातला की काड्या धडाधड खाली. पाच वेळा लावल्या, पाच वेळा पडल्या. त्यात एक काडी कमी भरली.

"तू झाडलंस!" हे माझ्यावर ओरडले.

मी कचरा पाखडला, कुरडया उलट्या केल्या, चुलीची राख चाळली. मंगळवारी दुपारी पुंजाजी म्हणाले, "उकंडराव, कानावरची विडी लई चमकून राह्यली बे!"

काडी कानावर! आणि हे म्हणतात कसे, "जपूनच ठेवली होती."

मी कपाळाला हात लावला. हाताला कुंकू लागलं, कुंकवाखालचं मेणही लागलं. आधी मेणाचं बोट, मग वर कुंकू, हे माझं लग्नापासूनचं रोजचं काम. एवढ्या घामात ते मेण कधी हललं नव्हतं. उठले, करंडा आणला.

"सरका तिकडं."

मेण बोटात मऊ करून चाकाच्या भोकात आतून लिंपलं आणि एकेक काडी उभी बसवली. हे म्हणाले, "मेण चालते का कुठं?" मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "चालंल. आत तेल तापलं की विरघळून जाईन." दांडा सरकला. एकही काडी पडली नाही. करंड्यातलं मेण मात्र पार खरवडून गेलं. दिवे लागायच्या आत पुंजाजी आणि हे, दोघांनी मिळून पेटी जागेवर चढवली.

बुधवारी नदीच्या मधोमध जीप वाळूत रुतली. मी डोळे मिटले. यांनी पुढची ओढ लावायचा पायाजवळचा छोटा दांडा ओढला, आणि पुढच्या चाकांनी वाळू धरली. काठावर चढेपर्यंत मी डोळे उघडलेच नाहीत.

जनकाबाईनं कोकिळेची ओटी भरली, मग मला कुंकू लावायला आली. बिनमेणाचं माझं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं. तिनं करंगळीनं ते पुसलं आणि चार बायांसमोर विचारलं, "काऊन व विहीणबाई, घरात मेण नाही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाये ना," हे दारातून म्हणाले, "जिपीत हाये!"

बाया हसू लागल्या. जनकाबाई काही हसली नाही. आत गेली, आपल्या करंड्यातलं मेण आणलं, माझ्या कपाळाला लावलं, वर ठसठशीत कुंकू लावलं. उरलेला गोळा माझ्या पदराला बांधून म्हणाली, "परतीची नदी हाये. वाटेत त्याईनं पुन्हा काही खोललं तर!"

कोकिळा पुढं बसली, मी मागं. पूर्ण वाट पदराची गाठ मुठीत धरून, यांच्या हातांवर नजर ठेवून.