दसऱ्यासाठी दुरुस्त केलेली बंदूक

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष कधीच सैन्यात नव्हते. ते एका कारखान्याच्या भांडार विभागातून निवृत्त झाले होते. पण वर वळवलेल्या मिशा, हातातली वेताची छडी आणि सकाळी सहाला गच्चीत उभं राहून काढलेला खाकरा एवढ्या भांडवलावर अंबरनाथ पूर्वेत त्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांची वांगणीला थोडी जमीन होती. तिथल्या चिकूच्या झाडांवरची माकडं हाकलायला त्यांनी कधीकाळी एक एअरगन घेतली होती. माकडं तिला घाबरत नसत. साहेबांना मात्र ती घरात असल्याने बरं वाटे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूमला ज्युनिअर इंजिनिअर होतो. गणपती उठल्यावर एका रविवारी साहेबांनी मला बोलावलं आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली ती बंदूक समोर ठेवली.

"इंजिनिअर, ही मेली आहे. दसऱ्याला जिवंत पाहिजे."

दसऱ्याच्या सकाळी कॉलनीच्या मैदानात कार्यक्रम ठरला होता. बांबूच्या आडव्या काठीला दहा फुगे बांधायचे, ती रावणाची दहा तोंडं. साहेब भाषण करणार आणि एकेक तोंड फोडणार. रावणाला फुग्यांवर आणून ठेवण्याची कल्पना त्यांचीच होती आणि तिच्यात काही हास्यास्पद आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, पण मी बंदूक घेऊन घरी आलो, कारण मला ती उघडून बघायची होती.

या बंदुकीची रचना साधी असते. बंदूक मधोमध मोडून नळी खाली ओढायची. त्या ओढण्याने आतला दट्ट्या मागे सरकतो, त्याच्यामागची जाड स्प्रिंग दाबली जाते आणि बोटाच्या पेराएवढा एक पोलादी आकडा दट्ट्याला अडवून धरतो. मग नळीच्या उघड्या तोंडात बोटाने छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि खटका ओढायचा. खटका ओढला की आकडा सुटतो. छर्रा बसवताना मात्र बोट आणि ती दाबलेली स्प्रिंग यांच्यामध्ये त्या आकड्याखेरीज काहीही नसतं. तो आपोआप सुटला तर नळी फाटकासारखी उलटी येते, आणि तोंडाशी जे असेल ते चेपतं.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे इथेच सांगून टाकतो.

दुरुस्तीचे दोन आठवडे आनंदात गेले. दट्ट्याचं चामडी वॉशर वाळून पापडासारखं झालं होतं. नवीन चामडं कापून दोन दिवस एरंडेलात भिजवलं. स्प्रिंग थकून वाकडी झाली होती, ती घेऊन उल्हासनगरला गेलो. तिथे कॅम्पमध्ये एका सिंधी दुकानदाराकडे जगातल्या कुठल्याही यंत्राची स्प्रिंग मिळत असे, निदान तो तसं म्हणे. त्याने माझी स्प्रिंग दोन बोटांत धरून बघितली आणि मागच्या खोक्यातून दुसरी काढली.

"साईं, ये ओरिजिनल से भी अच्छी है. थोडी टाइट है, बस."

घरी येऊन मायक्रोमीटर लावला. तार मूळ तारेपेक्षा किंचित जाड होती. मला आनंदच झाला, आणि जोर आणखी वाढावा म्हणून मी तिच्यामागे एक चकतीही घातली.

खरी चूक त्यानंतर केली, आणि ती टूलरूमचा माणूसच करू शकतो. आमच्याकडे वस्तू पूर्ण झाली असं कुणी म्हणत नसे. ती आरशासारखी झाली की थांबायचं. पत्रा कापायचा डाय असो की पंच, त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. मी तो आकडा काढला आणि धार लावायच्या तेलाच्या दगडावर घासत बसलो. मूळ आकडा खरखरीत होता, खटका ओढायला बोट दुखे. तीन संध्याकाळी घासल्यावर त्यात माझ्या खिडकीचे गज दिसू लागले. खटका आता लोण्यासारखा चालत होता. त्या घासण्यात आकड्याचा कोन बदलला होता आणि तो दट्ट्याला केसभरच धरत होता. जाड स्प्रिंगचा जोर आणि केसभर पकड या दोन गोष्टी मी एकत्र मांडून बघितल्या नाहीत. दसऱ्याच्या आदल्या रविवारी पालेगावच्या मोकळ्या रानात जाऊन वीस छर्रे उडवले. पत्र्याच्या डब्यातून छर्रा आरपार गेला. मी खूश होऊन परतलो.

खंडेनवमीला सकाळी आईने हत्यारांची पूजा मांडली. आमच्याकडे तो नेम कडक होता. पाटावर माझ्या कानशी, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, तेलाचा दगड, मायक्रोमीटर, सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावून ठेवलं. त्यांना दिवसभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाली की मगच उचलायचं. बंदूक तेवढी बाहेर होती, कारण ती संध्याकाळी साहेबांच्या घरच्या शस्त्रपूजेला जायची होती.

दुपारी बाराच्या सुमारास मी ती शेवटची पुसत होतो. सहज नळी ओढून स्प्रिंग चढवली, नळी बंद केली आणि दस्ता फरशीवर टेकवला. बंदूक उडाली. खटक्याला माझं बोट लागलंही नव्हतं.

"काय पडलं रे?" आईने आतून विचारलं.

"काही नाही."

पुन्हा चढवली, पुन्हा टेकवली. उडाली नाही. तिसऱ्यांदा उडाली. मग मी ती मांडीवर आडवी घेतली. तासाभराचं काम होतं. आकडा काढून त्याचा कोन परत द्यायचा, स्प्रिंगमागे घातलेली चकती काढून जोर कमी करायचा. पाटाशी गेलो तर आई तिथेच फुलं सारखी करत होती.

"आई, एक पाना आणि दगड हवा होता."

"आज? आज हत्यार उचलतात का? उद्या घे."

"उद्या उशीर होईल."

"कुणाचं काय अडलंय एवढं?"

इथे मी कारण सांगायला हवं होतं. एका माणसाची बोटं जातील म्हटलं असतं तर आईने स्वतः पाना उचलून दिला असता, देवापेक्षा बोटांची किंमत तिला जास्त कळत होती. पण मग तिने विचारलं असतं, मोडली कुणी. मी म्हणालो, "असू दे."

चार वाजता बंदूक घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे काकू म्हणायचो, रांगोळी काढत होती. साहेब आरशासमोर भाषणाची तालीम करत होते. "बंधू आणि भगिनींनो, असत्याची कितीही तोंडं असोत," इथपर्यंत येऊन ते थांबले.

"आली का वाघीण?"

"साहेब, एक सांगायचं होतं. खटका जरा हलका झालाय."

"हलकाच पाहिजे. मागे काय दगड होता तो."

"तसं नाही. थोडा जास्तच हलका आहे. छर्रा घालताना नळी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवा. सोडू नका."

"अरे, तू चड्डीत होतास तेव्हापासून चालवतोय मी ही." ते हसले आणि त्यांनी बंदूक पाटावर तलवारीशेजारी ठेवली. तलवार पितळी होती, कुठल्याशा निरोप समारंभात मिळालेली. काकूने दोन्हींवर अक्षता टाकल्या. आता बंदूकही पूजेला लागली, म्हणजे तिलाही सकाळपर्यंत हात लावायचा नव्हता.

मी दारात क्षणभर उभा राहिलो. 'मी ती बिघडवली आहे, उद्या वापरू नका' एवढंच वाक्य होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. वीस जणांपुढे, कारखान्यात, कॉलनीत, मी त्या खटक्याचं कौतुक करून घेतलं होतं.

दसऱ्याला नऊ वाजता मैदान भरलं. खुर्च्या, माइक, पांढरी चादर घातलेलं टेबल, स्टीलच्या ताटलीत छर्रे. मी तिसऱ्या रांगेत बसलो. उठून जावं असं वाटत होतं, पण गेलो असतो तर मला दिसलं नसतं.

साहेबांनी पहिल्यांदा नळी ओढली तेव्हा स्प्रिंगच्या जोराने त्यांचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताने नळी पकडून उजव्याने छर्रा घातला. पहिला फुगा फुटला, टाळ्या पडल्या. "काम," साहेब माइकवर म्हणाले. दुसऱ्याला "क्रोध". षड्रिपू सहा आणि तोंडं दहा, हा हिशेब त्यांनी कसा जुळवला होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक वेळी नळी खाली गेली की मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होतो. तो नळीवर होता. तिसऱ्याला होता, चौथ्याला, पाचव्याला. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "भारी केलीस हां बंदूक." मी मान हलवली.

सहावा फुटला. सातव्याला साहेबांना हुरूप आला होता. त्यांनी नळी ओढली, दस्ता मांडीला टेकवला, छर्रा उजव्या बोटाने नळीच्या तोंडाशी नेला, आणि घसरत चाललेला माइक सावरायला डावा हात सोडला.

आवाज फार मोठा नव्हता. मागच्या मुलांना वाटलं सातवा फुटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब ओरडले नाहीत. ते माइकमध्ये, भाषणाच्याच आवाजात म्हणाले, "कुणीतरी कापड द्या." सगळ्या मैदानाने ते ऐकलं.

उजव्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं. मधलं बोट राहिलं, पण ते पुढे नीट वळलं नाही.

आठवड्याने भेटायला गेलो. हाताला मोठं बँडेज होतं, मिशांना पीळ नव्हता. चार-पाच जण बसले होते आणि साहेब त्यांना सांगत होते.

"चूक सर्वस्वी माझी. हत्यार उत्तम होतं. जुना माणूस मी, नळी सोडायला नको होती. याने बजावलं होतं मला."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने बघितलं. हत्यार बिघडलेलं होतं असं म्हणण्यापेक्षा, शूर माणसाची एक चूक झाली हे साहेबांना जास्त शोभणारं होतं. त्यांचा मोठेपणा त्यांनी सांभाळला आणि माझा आपसूक सांभाळला गेला.

मंडळी उठल्यावर काकू चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "आदल्या दिवशी तू दारात थांबला होतास. काय सांगायचं होतं तुला?"

"सांगितलं ना. खटका हलका आहे म्हणून."

"एवढंच?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. ते ऐकत होते.

"एवढंच," मी म्हणालो.

काकूने आतून बंदूक आणली. तीच चादर होती, धुऊन इस्त्री केलेली. "घेऊन जा ही. परत आणू नको," ती म्हणाली.

ती काखेत धरून मी जिना उतरलो. खाली एक शेजारी स्कूटर पुसत होता.

"काय इंजिनिअर, परत दुरुस्तीला?"

"हो," मी म्हणालो आणि घराकडे वळलो.