घरून घालून नेलेले थेंब

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून तुम्ही डोक्याला हात लावाल.

माझ्या उजव्या डोळ्याचा कॉर्निया बदललेला. कुणा देवमाणसाने मरताना दिलेला. काही महिन्यांनी डोळ्याचं प्रेशर चढायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, डोळ्यात पाणी बनतं ते एका कोपऱ्यातून निघून जातं. तो कोपरा बंद तर नाही ना झाला, मशीनवर फोटो काढून बघू. बंद असेल तर परत ऑपरेशन, नाहीतर नवा कॉर्नियापण हातचा जाईल."

आता डोळ्यांचा कुठलाही दवाखाना आठवा. बाहुली मोठी करायचे थेंब घालून माणसं भिंतीला टेकून बसलेली, डोळे बंद, तोंड उघडं. अर्धा दिवस खलास. या लोकांना घरून डोकं वापरून यायला काय होतं?

मी वापरलं. मागच्या वेळची त्या थेंबांची शिशी घरात होतीच. घरून, राजेंद्र नगरहून निघताना थेंब घातले, वाटेत अन्नपूर्णाच्या सिग्नलला परत घातले.

आमचे हे म्हणाले, "अगं, फोन करून पूछ तर घे."

"तुम्ही स्कूटर चालवा," मी म्हणाले. पोह्यावर जिरावण मसाला टाकायचा तरी मला विचारतात, आणि मला शिकवतात.

दवाखान्यात पोचले तर काय, मशीनवाल्या मुलीने मला सीधं आत बोलावलं. मी जाता जाता रांगेतल्या एका मिटल्या डोळ्यांच्या आजोबांना ऐकवलं, "दादाजी, घर से डाल के आया करो." ते बिचारे जागे होऊन इकडेतिकडे बघायला लागले.

फोटो निघाला. डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघतच राहिल्या. "काकू, कोपरा जवळजवळ बंद दिसतोय. ऑपरेशन लवकर करावं लागेल."

परक्या माणसाची शेवटची वस्तू मी वाया घालवली, असं वाटून मला रडूच फुटलं. बाईंनी धीर देत डोळ्यावर बॅटरी मारली आणि थबकल्या.

"बाहुली एवढी मोठी कशी?" त्यांनी मशीनवाल्या मुलीला बोलावलं. "थेंब कोणी घातले?"

"मैडम, मैंने छुआ तक नहीं," ती रडकुंडीला आली.

मी पर्स हळूच पदराखाली सरकवली.

हे म्हणाले, "शिशी हिच्या पर्समध्ये आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला. "काकू, बाहुली पसरली की तिच्याभोवतीचा पडदा गोळा होऊन त्याच कोपऱ्यात दाटतो. म्हणून या तपासणीला आम्ही थेंब घालतच नाही. तुम्हाला सीधं आत का घेतलं, असं वाटलं तुम्हाला?"

पुढच्या आठवड्यात थेंब न घालता, कोरड्या डोळ्याने परत गेले. कोपरा छान उघडा. प्रेशर औषधाने उतरेल म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग प्रेशरचे थेंब त्यांनी सरळ यांच्या हातात दिले आणि सांगितलं, "काका, हे तुम्हीच घालायचे. काकूंनी शिशीला हात लावायचा नाही."

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी मान वर करून, डोळे मिटून बसते. बाईंनी दोनच मिनिटं सांगितलीत. हे "हलू नको, बोलू नको" म्हणत चांगली वीस मिनिटं बसवतात, आणि लग्नापासून साठवलेलं सगळं मला ऐकवून घेतात.